परड्यात कोंबड्या पाळताय? जाळी नंतर आणा, आधी जाळीचं बूड बघा

आमची पहिली जाळी मे महिन्यात उभी राहिली, तेव्हा गल्लीतली चार माणसं येऊन बघून गेली, 'लै भारी झालंय' म्हणाली, मी पण दोन दिवस छाती फुगवून हिंडलो. मग दोन वळीव झाले आणि एका सकाळी अकराच्या सुमाराला, रात्री न्हाई हं, भर उन्हात, चार कोंबड्या गेल्या. मी आत चहा पीत होतो. कलकलाट ऐकून चप्पल न घालता पळालो तरी खेळ संपलेला, चौघी तिथंच पडलेल्या, मानेजवळ बारीक जखमा, एकही उचलून नेलेली नाही, आणि जाळीला कुठं भोक म्हणाल तर नाही. मी जाळीभोवती तीन चकरा मारल्या. आज्जी पायरीवर बसून बघत होती, शेवटी म्हणाली, "अरं जाळीकडं काय बघतोस, जाळीच्या बुडाकडं बघ की."

बुडाला बघितलं तर पत्र्यावरनं पडणाऱ्या पाण्यानं माती धुऊन नेलेली, बरोबर जाळीच्या कडेला मुठीएवढी फट, आणि फटीच्या तोंडाला लालसर करडे दोन केस चिकटलेले. मुंगूस. जाळीचे पैसे सगळे बरोबर खर्च केले होते, फक्त जाळी जिथं जमिनीला टेकते ती वीतभर जागा मोफत सोडली होती.

त्यानंतर माझ्या आणि पाव्हण्यांच्या मिळून पाचसहा जाळ्या बांधून झाल्या, आणि दरवेळी एकच दिसलं, जाळी मधनं कधी फाटत नाही, जोडात फसते. जमिनीशी जोड, दाराशी जोड, पत्र्याशी जोड, खुराड्याशी जोड. खाली जे लिहितोय ते त्या जोडांबद्दलच जास्त आहे, उरलेलं कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतोय.

आधी एक सांगतो, खुराडं वेगळं आणि हे जाळीचं अंगण वेगळं. व्हिडिओत ज्याला रन म्हणतात ते हे अंगण, दिवसा उकरायला, मातीत लोळायला. रात्री कोंबडी खुराड्यातच, कडी लावून. नुसत्या जाळीत रात्र काढायला लावली की आज न्हाई तर उद्या काहीतरी होतंयच.

आपल्याकडं नेमकं येतंय कोण हे कळलं की निम्मं काम होतंय. दिवसा येणारं म्हणजे मुंगूस, भटकी कुत्री, वरनं घार आणि शिक्रा, शिवाय पिल्लांवर कावळा आणि भारद्वाज. रात्री येणारं म्हणजे उदमांजर, रानमांजर, कोल्हा, घूस आणि साप. खुणा बघायला शिका. चारपाच मेल्या आणि तिथंच पडल्या, जाळी वाकलीय, पिसं सगळीकडं, तर बहुतेक कुत्री. जाळी जशीच्या तशी आणि मानेला बारीक चावे, तर मुंगूस धरा. एक अख्खी कोंबडी गायब आणि थोड्या अंतरावर पिसांचा ढीग, तर रानमांजर नाहीतर कोल्हा. अंडी नाहीत आणि टरफलाचा तुकडापण नाही, तर बहुतेक सापानं गिळलीत, कारण उंदीर आणि मुंगूस बऱ्याचदा काहीतरी घाण मागं ठेवतात. पिल्लू दिवसा गेलं, आवाज नाही, एक पीस नाही, तर वर बघा. आणि पिल्लं रोज एकएक कमी होतायत, खुराड्याच्या कोपऱ्यात उकरलेली ताजी माती आहे, तर ती घूस.

आमच्या मागं ऊस आहे, आणि ज्यांच्या मागं ऊस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. रानमांजराला, मुंगसाला आणि कोल्ह्याला ऊस म्हणजे हक्काचं घर. तोड सुरू झाली की ते घर एका दिवसात मोकळं होतंय आणि सगळी जनावरं बांधाला, ओढ्याला आणि आपल्या परड्याला लागतात. त्यामुळं जाळी बांधायची असेल तर शेजारच्या फडाला कोयता लागायच्या आधी बांधा, नंतर पळापळ करून उपयोग नाही.

मारायचं, फासा लावायचं, अंड्यात विष भरून ठेवायचं असलं डोक्यात कोण घालत असेल तर ऐकू नका. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, घोरपड, धामण सगळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, आणि विषाचं अंडं शेजारच्या कुत्र्यानं खाल्लं की गल्लीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी ह्या बाजूला राहत असाल आणि बिबट्याचा वावर असेल तर मात्र ही जाळी पुरणार नाही, तिथं रात्री कोंबड्या भिंतीच्या पक्क्या खोलीतच पाहिजेत. साप किंवा बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ नंबर आहे, तो फोनमध्ये घालून ठेवा.

आता माप. दहा कोंबड्या धरून चालू. अंगणात एका कोंबडीला दहा चौरस फूट तरी द्या, म्हणजे १० बाय १२ चं अंगण झालं की १२० चौरस फूट, बास होतंय. उंची पावणेसात फूट ठेवा. लोक चार फुटाची करतात पैसे वाचवायला आणि मग वर्षभर वाकून शेण काढतात, कंबर गेली की जाळीपण साफ होत नाही. मी माझ्या मेव्हण्याला हे दोनदा सांगितलं, त्यानं चार फुटाचीच केली, आता त्याची पोरं आत जातात आणि तो बाहेरनं सूचना देतोय.

जाळी घेताना एक गोंधळ सगळ्यांचा होतोय. ती पातळ तारेची षटकोनी जाळी असते ना, जिला दुकानदार चिकन जाळीच म्हणतोय, ती कोंबडी आत ठेवायला आहे, कुत्रं बाहेर ठेवायला नाही. कुत्रं दातानं ओढून तिचा पीळ सोडवतंय, आणि भोकातनं उदमांजर पंजा घालून झोपलेल्या कोंबडीचा पाय धरतंय. वेल्डमेश घ्या, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी जाळी, अर्धा इंची चौकडा, जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेली. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक हे लक्षात ठेवा, १९ गेज म्हणजे साधारण एक एमएम आणि १६ गेज म्हणजे १.६ एमएम. कुत्र्यांचा त्रास असेल तर १६, नसेल तर १८ चालतंय. दुकानात तोंडानं गेज सांगतात आणि घरी आल्यावर तार वेगळीच निघते, म्हणून जाडी मोजायचा वर्नियर घेऊन जा. कोल्हापुरात वर्नियर मिळणं अवघड नाही, घरटी एक माणूस फाउंड्रीत नाहीतर मशीनशॉपमध्ये आहेच. उद्यमनगरात जाळी, अँगल, बिजागऱ्या, नटबोल्ट एका फेरीत होतंय, सकाळी जा, दुपारी पार्किंगला जागा नसते.

हिशेब असा पडतोय. १० बाय १२ चा घेर ४४ फूट. खालच्या चार फुटाला अर्धा इंची जाळी, चार फुटी रोलातनं ४४ फूट. वरच्या भागाला एक इंची जाळी चालते, तीन फुटी रोलातनं ४४ फूट, दोन्ही जाळ्या तीन इंच एकमेकांवर चढवायच्या. छताला एक इंची, चार फुटी रोलाचे दहादहा फुटाचे तीन तुकडे, म्हणजे ३० फूट. आणि जमिनीवर पसरायच्या झालरीसाठी अर्धा इंचीच, चार फुटी रोल मधनं कापून दोन फुटी पट्ट्या, त्याला कोपरे धरून २६ फूट रोल लागतोय. म्हणजे अर्धा इंची एकूण ७० फूट, पाच फूट जास्तच घ्या, कापताना चुकतंयच. एक इंचीतनं बारका साप आत येऊ शकतोय हे खरं, पैसे असतील तर सगळीच अर्धा इंची करा, पण दिवसा बारक्या सापाला मोठी कोंबडीच टोचून हैराण करते. पिल्लं असतील तर त्यांचा कप्पा मात्र पूर्ण अर्धा इंचीचा पाहिजे.

सांगाड्याला खांब दीड इंची अँगलचे, आडवे पट्टे एक इंची तीन एमएम. हा एक इंची अँगल मीटरला साधारण १.१ किलो भरतोय, म्हणजे २० फुटाचा एक नग साडेसहा ते सात किलो. काट्यावर पाच भरला तर जाडी कमी आहे, परत ठेवा. खांब आठ फुटी, त्यातला सव्वा फूट काँक्रीटमध्ये. लांब बाजूला मधे दोन, आखूड बाजूला मधे एक, दाराला एक जादा, असे अकरा खांब. २० फुटातनं दोन खांब निघून चार फूट उरतंय, ते दाराच्या चौकटीला आणि कोपऱ्यातल्या तिरक्या टेकूला वापरा, भंगारात घालू नका.

जाळी खांबाला बाहेरनं लावायची. हे कोण सांगत नाही. आतनं लावली की दिसायला छान, पण कुत्र्यानं बाहेरनं अंग टाकलं की सगळा जोर जोडावर येतोय आणि एकएक टाका सुटतोय. बाहेरनं असली की तोच जोर जाळीला खांबावर दाबतोय. आमच्या फॅब्रिकेशनवाल्या मामांनी आधी ऐकलंच नाही, "मालक, आतनं फिनिशिंग चांगलं येतंय" म्हणाले, मी म्हटलं मामा, फिनिशिंग कोंबड्यांना दाखवायचंय का. मग हसले आणि बाहेरनं लावली.

दुसरं, जाळीला थेट वेल्डिंग मारू देऊ नका. बारीक तार जळते, वरचा जस्ताचा थर जातोय आणि एका पावसाळ्यात नेमकं तिथंच गंजून तुटतंय. जाळीवर लोखंडी पट्टी ठेवून नटबोल्टनं आवळा, दर वीतभर अंतरावर. नुसती बांधणीची तार पहिल्या वर्षी टिकते, दुसऱ्या पावसाळ्यात हातात पावडर येते. सांगाड्याच्या वेल्डिंगला रेड ऑक्साईडचे दोन हात, जाळी चढवायच्या आधी, नंतर ब्रश आत जात नाही.

आता झालर, जिच्यासाठी एवढं लिहायला बसलो.

उकरणारं जनावर काय करतंय, भिंतीला येऊन नाक लावतंय आणि जिथं नाक लागलं तिथंच उकरायला लागतंय. मागं दीड फूट जाऊन तिथनं बोगदा काढावा एवढा विचार ते करत नाही. म्हणून भिंतीच्या बुडाला बाहेरच्या बाजूनं जाळी जमिनीवर आडवी पसरायची, की उकरलं तरी पंजाखाली तारच लागते. दोन फुटी पट्टी घ्या, पाटाच्या कडेवर ठेवून सहा इंचावर काटकोनात वाकवा. ते सहा इंच भिंतीच्या जाळीला बाहेरनं चढवून पट्टी-बोल्टनं आवळायचे, उरलेला दीड फूट बाहेर जमिनीवर. चारही कोपऱ्यात दीड फुटाची चौकोनी जागा उघडी राहते, तिथं वेगळा तुकडा घालून दोन्ही बाजूंना सहासहा इंच चढवून तारेनं शिवून टाका. मी पहिल्या दुरुस्तीत कोपरे विसरलो होतो. मुंगसानं कोपराच शोधला, अजून राग येतोय.

जमिनीवर बसवायला ६ एमएम सळीचे यू आकाराचे आकडे करून घ्या, पाय दहादहा इंचाचे, दर दीड फुटाला एक ठोका. त्याच्यावर चार इंच मुरूम टाकून धुम्मस करा, वर दगड लावले तर अजून चांगलं. महिनाभरात गवत जाळीतनं वर येतंय आणि मग ती झालर हलत नाही. काहीजण सरळ खाली फूट दीड फूट चर मारून जाळी पुरतात, ते पण चालतंय, पण मेहनत दुप्पट आणि मातीत पुरलेली जाळी लवकर सडते, सडलेली दिसत पण नाही.

काळी माती असेल तर ऐका. नदीकाठच्या गावांत, वडणगे, आंबेवाडी ह्या बाजूला काळी रानं आहेत, ती माती उन्हाळ्यात आक्रसते आणि हातभर खोल भेगा पडतात. भेग बरोबर भिंतीच्या रेषेत पडली की झालर अधांतरी लटकते आणि खालनं वाट तयार. तिथं भिंतीच्या खाली आधी फूटभर रुंद, फूटभर खोल माती काढून मुरूम आणि खडी भरून ठोकून घ्या, मग झालर. तांबड्या मुरमाड जमिनीला हा त्रास नाही, पण तिथं चढउतार असतोय, खालचा पट्टा जमिनीपासनं कुठंतरी उचललेला राहतोय, ती पोकळी सिमेंटनं भरा.

घूस ह्या सगळ्याला दाद देईलच असं नाही, ती खोलनं येते. तिच्यासाठी अंगणाला नाही, खुराड्याच्या तळाला तीन इंचाचा कोबा करा. आणि रात्री दाण्याची भांडी आत ठेवू नका, खाद्य पत्र्याच्या डब्यात झाकून. निम्म्या घुशी कोंबडीसाठी येतच नाहीत, मक्याच्या भरड्यासाठी येतात.

छताला सगळीकडं जाळी, आणि निम्म्या भागावर वरनं पत्रा. घारीसाठी नायलॉनची जाळी टाकायचा मोह होतोय, स्वस्त आहे, पण पावसात तिला पोट येतंय, आणि खाली लोंबलेल्या नायलॉनमध्ये धामण अडकून मरते. धामण उंदीर खाते, ती आपल्या बाजूची आहे. सीड्या लटकवून चकाकी पाडायचा प्रकार पण करून बघितला, आठवडाभर चालला, नंतर कावळा सीडीच्या शेजारी बसून चोच पुसत होता.

पत्र्याला दहा फुटाला दीड फूट उतार द्या आणि उतार अंगणाच्या बाहेरच्या बाजूला. पाऊस आपल्याकडं पश्चिमेकडनं, नैऋत्येकडनं झोडपतोय, त्यामुळं पत्र्याची बाजू तिकडं करा आणि त्या भिंतीला वरनं खाली ताडपत्री सोडा, जून ते सप्टेंबर. पत्रा जे-हुकनं आवळा, वर वीट ठेवून भागवू नका, वळवाच्या वाऱ्यात वीट पण जाते आणि पत्रा पण. आणि पत्र्याच्या कडेला पन्हळ. पन्हळ लावली नाही की धार बरोबर झालरीवर पडते, महिन्यात चर पडतोय, आणि मग माझी सुरुवातीची चार कोंबड्यांची गोष्ट तुमच्याकडं होते. पन्हळीचं पाणी ड्रममध्ये घ्या, कोंबड्यांनाच वापरायला होतंय.

दार बाहेर उघडणारं करा. बाहेरनं कुणी ढकललं तर ते चौकटीवर घट्ट बसतंय. खाली सहासात इंचाचा उंबरा ठेवा म्हणजे आतला पाचोळा बाहेर येत नाही आणि पाय घालताना कोंबड्या सटकत नाहीत. उंबऱ्याखाली शहाबादी फरशीचा तुकडा सिमेंटमध्ये बसवा, कारण दाराखाली झालर लावली की रोज तुमचाच पाय अडकणार. दार आणि चौकट ह्यात फट किती चालेल, तर अंगठा जाता कामा नये. अंगठा गेला म्हणजे उंदीर गेला, दोन बोटं गेली की लहान मुंगसाचा भरवसा नाही. बिजागऱ्या तीन, दोन नाही, दोनवर दार एका वर्षात खाली बसतंय आणि वर फट पडते. कड्या दोन, एक वर आणि एक खाली, कारण कुत्रं दाराच्या खालच्या कोपऱ्यावर जोर लावतंय. वरच्या कडीला कुलूप लावायची सोय ठेवा. आखाडात आणि गटारीच्या आधी आठवडाभर कुलूप लावाच, ते जनावर दोन पायांचं असतंय आणि कुठली झालर त्याला अडवत नाही.

खुराडं अंगणाला चिकटून असेल तर मधल्या छोट्या दाराला उभी सरकणारी झडप करा, दोरीनं बाहेरनं ओढता येणारी, खाली पडल्यावर खाचेत बसणारी, नुसती लोंबती नको. खुराड्याच्या खिडकीला पण अर्धा इंचीच जाळी. बसायची दांडी जाळीपासनं फूट सव्वा फूट आत घ्या, एका कोंबडीला नऊ दहा इंच धरून. दांडी जाळीला चिकटली असेल तर रात्री बाहेरनं नखं लागतातच.

आत काय पसरायचं, तर उसाचं पाचट बारीक करून, भाताचं तूस, शेंगांची फोलपटं, जे मिळेल ते. नुसती माती ठेवली की आषाढात चिखल होतोय, पायाला गाठी येतात आणि वासावर आणखी जनावरं. कुत्र्यांच्या बाजूला खालचे दोन फूट जुना पत्रा उभा लावला तर कोंबडी त्यांना दिसत नाही आणि निम्मं भुंकणं थांबतंय.

पूररेषेत घर असेल तर वेगळा विचार करा. २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, पण कोंबड्यांसाठी ३९ ची वाट बघायची नाही, ओढ्याचं पाणी मागं फिरायला लागलं की डालग्यात घालून माडीवर. त्यासाठी दोन मोठी डालगी आणि सुतळी जाळीच्या दाराशेजारीच टांगलेली असावी. पाणी उतरल्यावर झालरीवरचा गाळ काढा, आकडे परत ठोका, गाळाच्या वजनानं झालर खचलेली असते.

बांधून झाल्यावर एका अमावस्येच्या रात्री पोराला बॅटरी देऊन आत उभं करा, बॅटरी जमिनीला टेकवून भिंतीच्या बुडाकडं फिरवायला सांगा आणि तुम्ही बाहेरनं चक्कर मारा. जाळीतनं चौकडे चौकडे उजेड दिसतोय ते सोडा, जिथं सलग पट्टा दिसतोय तिथं खडूनं खूण करा. आमच्या दुसऱ्या जाळीला पहिल्या रात्री अशा सात खुणा निघाल्या, त्यातल्या तीन दाराला. हेच परत मेच्या शेवटाला आणि दिवाळीनंतर, पाऊस संपून माती बसली की.

आणि संध्याकाळी मोजा. दिवस बुडायच्या अर्धा तास आधी पत्र्याच्या डब्यात मक्याचे दाणे खुळखुळवायचे, चार दिवसात आवाजावर सगळ्या खुराड्यात येतात. आमची एक तुरेवाली आहे, तिला शेवग्यावरच झोपायचं असतं, दार उघडायला गेलं की पायातनं निसटून वर. तिच्या एका पंखाची लांब पिसं कापली, एकाच पंखाची, म्हणजे तोल जातोय आणि उडता येत नाही. आता ती झाडाच्या बुडाशी उभी राहून वर बघते, दोन मिनिटं कुरकुरते, आणि सगळ्यात शेवटी आत जाते. दहा झाल्या की मी झडप सोडतो.